डिस्क सापडत नाही

"टॉर्च जरा खाली धर. अजून थोडा. हां, बास."

सासऱ्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला होता. टेबल भिंतीपासून पुढे ओढलं होतं, डब्याची एक बाजू काढून पलंगाला टेकवून ठेवली होती आणि स्क्रू चहाच्या बशीत पडले होते. ती गुडघ्यांवर बसून मोबाइलचा उजेड त्यांच्या बोटांच्या मागे मागे नेत होती.

"केबल घट्ट आहे," ते आतूनच म्हणाले. "वीजही पोचतेय. इथे हात लावून बघ."

तिने हात लावला. वरच्या डिस्कच्या पत्र्याला बारीक थरथर होती.

"फिरतेय म्हणजे."

"फिरतेय ना. जिवंत आहे."

"मग दिसत का नाही?"

"तीच तर गंमत आहे," सासरे म्हणाले. पाठ वाकलेली, चष्मा नाकाच्या टोकावर आलेला, आणि आवाजात मात्र सुट्टी लागल्यासारखा उत्साह.

तिला गंमत वाटत नव्हती. ती शाळेच्या पुस्तकांची पानं लावत असे. मजकूर, चित्रं, तक्ते, कशाखाली काय यायचं आणि कुठे मोकळी जागा सोडायची, हे तिचं काम. भूगोलाचं पुस्तक अर्धं झालं होतं आणि छापखान्यातून फोन यायला लागले होते. ती सगळी पानं त्या वरच्या डिस्कवर होती.

घरात कॉम्प्युटर एकच. तिचा आधीचा बंद पडला तेव्हा दुसरं टेबल ठेवायला खोलीत जागा नव्हती, म्हणून सासऱ्यांनीच ही सोय केली होती. एका डब्यात दोन डिस्क, वरची तिची, खालची त्यांची. तिच्या डिस्कवर विंडोज, कारण पानं लावायचं सॉफ्टवेअर तिथेच चाले. त्यांच्या डिस्कवर लिनक्स, कारण त्यात आतपर्यंत हात घालता येतो, असं ते म्हणत. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत. ज्याला जिकडे जायचं त्याने तिकडची ओळ निवडायची. "एक घर, दोन बिऱ्हाडं," सासरे पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. पाहुण्यांना त्यातलं काही कळत नसे, पण ते मान डोलावत.

सकाळ तिची, दुपारची झोप झाल्यावरचा वेळ त्यांचा. तिकडे त्यांचं काही खास काम चाले असं नाही. मशीन नीट चालतंय की नाही ते बघणं, आणि नवीन काही आलं की ते टाकून पुन्हा नीट चालतंय की नाही ते बघणं, हेच काम. टेलिफोन एक्स्चेंजच्या बिघाड विभागात त्यांची सगळी नोकरी गेली होती. हाताखालची माणसं त्यांना मागून खोदकाका म्हणत. लाइन सुरू झाली की बाकीचे डबे आवरून घरी जात, हे मात्र ती बंद का पडली होती ते कळेपर्यंत तिथून हलत नसत.

त्यांनी केबल बदलली. मशीन सुरू केलं. तिने वरची ओळ निवडली आणि पुन्हा तीच इंग्रजी ओळ उमटली: असं कुठलंही उपकरण सापडत नाही.

"म्हणजे केबल नव्हे," सासरे समाधानाने म्हणाले. "आता पुढचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची बरं का. दोन बदलल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही."

मग ते मशीनच्या सेटिंगमध्ये गेले. निळा पडदा आला. बाणाच्या बटणांनी ते एकेका पानावरून उतरत गेले आणि थांबले.

"अरेच्चा. हे बघ. तुझ्या डिस्कचा पोर्टच बंद आहे. डिस्क उभी आहे दारात, पण दाराला आतून कडी."

"कोणी लावली?"

"मशीननेच. आत एक गोल सेल असतो, त्याच्या जोरावर याच्या सगळ्या सेटिंग लक्षात राहतात. सेल उतरला की हे विसरायला लागतं." त्यांनी पोर्ट चालू केला. पुढच्या मिनिटाला भूगोलाची पानं पडद्यावर होती. सासऱ्यांनी हात झटकले आणि त्याच पावली सेल आणायला गेले.

सेल नवा बसला. तरी त्या आठवड्यात डिस्क पुन्हा दिसेनाशी झाली. पुन्हा स्क्रू बशीत, पुन्हा टॉर्च, पुन्हा केबल, आणि सगळ्यात शेवटी तो निळा पडदा. "अरेच्चा," सासरे म्हणाले, अगदी त्याच सुरात. पट्टी शोधताना तिने टेबलाचा खण उघडला, तर आत तसल्याच केबलच्या न फोडलेल्या पिशव्या एकावर एक होत्या. हाताशी असाव्यात म्हणून आणून ठेवल्या असतील, असं तिने स्वतःला सांगितलं आणि खण लोटला.

एकदा छापखान्यातलं काम लवकर आटोपलं आणि ती दुपारीच घरी आली. सासरे मशीनसमोर बसले होते. पडद्यावर तो निळा रंग होता.

"आलीस? बरं झालं," मागे न बघता ते म्हणाले. "तुझी डिस्क जरा झोपवून ठेवतोय."

"झोपवून?"

"नवीन आवृत्ती आलीय माझ्या लिनक्सची. ती टाकताना ते विचारतं, कुठल्या डिस्कवर टाकू. चुकून बोट वरच्या ओळीवर पडलं तर तुझं सगळं पुस्तक साफ. म्हणून मी आधी तुझं दारच बंद करून टाकतो. जे दिसतच नाही ते पुसणार कसं?" त्यांनी बटण दाबलं. निळा पडदा गेला.

तिच्या खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावरच होती.

"मग नंतर उघडता ना, बाबा?"

"म्हणजे काय! काम झालं की आधी तेच."

ती आत गेली. चहा टाकला. दोघांनी चहा घेतला, त्यांनी नवीन आवृत्ती कशी झटकन उतरली ते सांगितलं, संध्याकाळच्या बातम्या ऐकल्या आणि मशीन बंद केलं. ती जाता-येता बघत होती. निळा पडदा परत आला नाही. मध्ये एकदा तिच्या तोंडाशी आलं होतं, पण ते मन लावून काहीतरी वाचत होते. आठवेल त्यांना, असं म्हणून ती भाजी चिरायला गेली.

सकाळी तिने मशीन सुरू केलं. वरची ओळ निवडली. तीच ओळ उमटली.

"परत?" सासरे दारात उभे होते. अंघोळ नुकतीच झालेली, केस ओले, आणि हातात स्क्रू ड्रायव्हर. "कमाल आहे. सेल तर नवा आहे."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ते चेष्टाही करत असत. मीठ लपवून ठेवून आजची आमटी जरा अळणी झाली वाटतं, असं साळसूदपणे म्हणणारा माणूस. पण आत्ता तिथे चेष्टा नव्हती. भुवया खरोखरच वर गेल्या होत्या.

"बाबा, काल तुम्ही बंद केली होती का?"

"मी? मी कशाला बंद करू?" ते म्हणाले आणि खाली बसून पहिला स्क्रू फिरवायला लागले.

नवरा जहाजावर इंजिनियर होता. त्याचा फोन लागला तेव्हा मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"अगं, वय झालंय त्यांचं. विसरले असतील एखादवेळी."

"विसरले असते तर मी विचारल्यावर आठवलं असतं ना? त्यांना खरंच माहीत नसतं रे. ते शोधत बसतात. अगदी मनापासून शोधतात."

"तू काही बोलू नकोस त्यांना," तो म्हणाला. "मी ही फेरी करून आलो की बघू."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तू सांभाळून घे."

सांभाळून घेणं म्हणजे काय, ते तिने स्वतःच ठरवलं. निळ्या पडद्यावर जायचं बटण तिने सासऱ्यांच्या बोटांकडे बघून ध्यानात ठेवलं होतं. सकाळी ते अंघोळीला गेले, आत पाण्याचा आवाज सुरू झाला, की ती मशीन सुरू करी, सेटिंगमध्ये जाई, आणि पोर्ट बंद दिसला तर चालू करी. कधी बंद असे, कधी चालूच असे. ते बाहेर येईपर्यंत पडद्यावर पानं लागलेली असत.

भूगोलाचं पुस्तक वेळेवर गेलं. इतिहासाचं आलं. सगळं सुरळीत चालू होतं, आणि सासरे दिवसेंदिवस गप्प होत चालले होते.

"डिस्क दिसली?" ते सकाळी विचारत.

"दिसली ना."

"रोज दिसते?"

"रोज."

यावर ते बरं म्हणत नसत. तिच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बघत, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा पडद्याच्या कोपऱ्याकडे. एकदा त्यांनी डब्याच्या पत्र्याला कान लावला. एकदा जेवता जेवता घास हातात तसाच धरून म्हणाले, "आपण काहीच केलं नाही आणि बरी झाली. हे काही खरं नाही."

"चाललंय ना, बाबा. मग कशाला त्याच्या मागे लागता?"

"चाललंय म्हणूनच तर," ते म्हणाले. वरण वाढून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी ते झोपायला गेले नाहीत. तिची जेवणानंतरची आवराआवर होईपर्यंत थांबले आणि मग मशीनच्या टेबलापाशी दुसरी खुर्ची ओढली.

"बस जरा."

मशीन बंद होतं. डबाही उघडलेला नव्हता. ती बसली.

"मी मांडतो, तू ऐक. चुकलं तर सांग." त्यांनी पंजा टेबलावर ठेवला आणि बोटं एकेक करून मिटायला सुरुवात केली. "केबल नवी आहे, तेव्हा केबल नाही. डिस्क आजारी असती तर अशी मधूनच ठणठणीत झाली नसती. राहिला सेल. सेल उतरला असता तर सगळ्यात आधी मशीनचं घड्याळ मागे पडलं असतं. मी रोज ताडून बघतोय. माझ्या घड्याळाशी तंतोतंत जुळतं." ते थोडे थांबले. "म्हणजे मशीन काही विसरत नाहीये."

तिने टेबलावरचं पेन उचललं, त्याचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"दार आपोआप बंद होत नाही. त्याला हात लागतो. आता ते बंद सापडत नाही, म्हणजे उघडायलाही कुणाचा तरी हात लागत असणार. घरात माणसं आपण दोन." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "उघडणारा हात तुझा. मी अंघोळीला गेलो की मशीनची सुरू व्हायची टिकटिक दोनदा ऐकू येते. पहिल्यांदा तू सेटिंगमध्ये जात असशील, तिथून बाहेर पडलीस की ते पुन्हा सुरू होतं. बरोबर?"

तिने मान डोलावली.

"मग बंद करणारा कोण?"

"बाबा, जाऊ दे ना. काम कुठे अडलंय?"

"अगं, एक्स्चेंजमध्येही मला सगळे हेच सांगायचे. फोन लागतोय ना साहेब, मग चला की घरी." ते किंचित हसले, मग हसू तसंच विरलं. "मला तुझा अंदाज नको. काय बघितलंस तेवढं सांग."

तिने सांगितलं. त्यांना आवडत असे तसंच सांगितलं: आधी घडलेलं आधी, नंतरचं नंतर. ती दुपारी लवकर आली, पडद्यावर काय होतं, ते काय म्हणाले. चहा झाला, बातम्या झाल्या, मशीन बंद झालं. दुसऱ्या दिवशी ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात उभे राहिले. तिचा आवाज कुठे अडखळला नाही. खणातल्या केबलांशी आल्यावर मात्र तिने पेन खाली ठेवलं.

सासऱ्यांनी खण उघडून पाहिला. पिशव्या हाताने चाळल्या, एक उलटून बघितली, पुन्हा होत्या तशा रचून ठेवल्या.

"तू मला विचारलं नाहीस? काल बंद केली होती का म्हणून?"

"एकदा विचारलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"म्हणालात, मी कशाला बंद करू."

"हं," ते म्हणाले. "बरोबर आहे. मी कशाला बंद करू."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी, येऊ दे, येऊ दे, असं ओरडत होतं. मग सासऱ्यांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात टाकला.

"चला," ते म्हणाले. "सापडला."

एखादी लाइन मिळाल्यावर म्हणावं तसंच ते म्हणाले. फक्त खुर्चीतून उठले नाहीत.

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला, मग हलकेच आपला हात सोडवून घेऊन चष्मा लावला.

"आता दुरुस्ती. मशीन सुरू कर."

"आत्ताच कशाला?"

"आत्ता मला माहीत आहे, म्हणून आत्ताच."

तिने मशीन सुरू केलं. ते सांगत गेले तशी ती निळ्या पडद्यावर एकेक पान पुढे गेली.

"इथे पासवर्ड लावता येतो. सेटिंगमध्ये शिरायलाच. तो लाव. म्हणजे तुझ्याशिवाय कोणी आत जाणार नाही. मी बाहेर जातो."

"बाबा, एवढं कशाला? मी रोज बघत जाईन ना."

"रोज बघशील. एक दिवस राहील. त्या दिवशी मी दार बंद करायच्या ऐवजी दुसरंच काहीतरी करून ठेवीन." ते उठले. "आणि मला सांगायचा नाही. मी विचारलं तरी नाही. रागावलो तरी नाही."

"आणि तुमची नवीन आवृत्ती आली की?"

"तू दार लावून द्यायचंस, माझं झालं की तूच उघडायचंस. मी आपला माझ्या डिस्कवर." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि त्याला जहाजावर फोन मी करीन. माझ्याबद्दलचं त्याने माझ्याकडूनच ऐकलेलं बरं. डॉक्टरची वेळ मात्र तू घे. तिथे गेल्यावर मला वाटलं तर मी गप्पा मारून सगळं हसण्यावारी नेईन. तू नेऊ देऊ नकोस. हे डिस्कचं जसं मला सांगितलंस तसंच त्यांना सांग."

ते गॅलरीत गेले. त्यांनी दार ओढून घेतलं. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. रस्त्याकडे तोंड करून, कठड्याला धरून ते सरळ उभे होते.

पडद्यावर रिकामी चौकट आली. असा शब्द हवा होता जो त्यांना सुचणार नाही. नवऱ्याचं लाडाचं नाव, सासूबाईंचं माहेर, पहिल्या घराचा क्रमांक, सगळं मनात येऊन गेलं. या घरात तिला ठाऊक असलेला जवळजवळ प्रत्येक शब्द त्यांच्याचकडून तिच्याकडे आला होता. तिला बराच वेळ लागला. शेवटी तिने तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं नाव लिहिलं, जिच्याबद्दल ती या घरात कधी बोललेली नव्हती. मशीनने खात्रीसाठी ते पुन्हा मागितलं. तिने पुन्हा लिहिलं.

मग जाऊन तिने काचेवर टिचकी मारली.

"झालं?"

"झालं."

"चहा टाक मग," ते आत येत म्हणाले. "साखर घाल जरा आज."

डॉक्टरांकडे जाऊन आले, तपासण्या सुरू झाल्या, नवरा फेरी अर्धी सोडून येतो म्हणाला. इतिहासाची पानं लागत राहिली. तिने सकाळी निळ्या पडद्यावर जाणं सोडून दिलं. डिस्क रोज आपल्या जागी असे.

मग एका दुपारी ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत असताना आतून हाक आली.

"सूनबाई! अगं, हे कुलूप कोणी लावलंय?"

ती कपडे हातात घेऊनच आत आली. पडद्यावर ती रिकामी चौकट होती आणि तिच्यात एक रेघ लुकलुकत होती. सासऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"मला नवीन आवृत्ती टाकायचीय. त्याआधी तुझी डिस्क झाकून ठेवावी म्हटलं, तर हे आतच घेईना. पासवर्ड मागतंय. कोणी लावला?"

"मी लावला, बाबा."

"तू? तुला कोणी सांगितलं?"

तिने कपडे पलंगावर ठेवले. वरची एक बाही लोंबत होती, ती उचलून नीट केली.

"तुम्ही."

"मी सांगितलं?"

"हो."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग चौकटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. कशाकरता ते विचारतील, तर सगळं सांगायचं, आधीचं आधी आणि नंतरचं नंतर, हे तिने ठरवून ठेवलं होतं.

"मी सांगितलं असेल," ते सावकाश म्हणाले, "तर काहीतरी बघूनच सांगितलं असेल."

त्यांनी खुर्ची मागे सरकवून तिला जागा करून दिली.

"ये. टाक तू." आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.